साडेएकवीसची बाही

९ फेब्रुवारी

चि. टाचणी हिस,

अ. उ. आशीर्वाद. हे सवयीने लिहिले आहेत. आज ते मनापासून निघत नाहीत, पण वरची ओळ कोरी सोडणं बरं दिसत नाही.

तीन महिने झाले, तू फोन घेत नाहीस. अण्णा म्हणायचे की राग आला की तोंड उघडू नये, कागद घ्यावा, म्हणजे राग निदान सरळ ओळीत तरी येतो. म्हणून दुकानात बसून लिहितो आहे. दोन गिऱ्हाइकं माझा चेहरा बघून उद्या येतो म्हणाली आणि गेली.

तुझं मागचं पत्र मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. तुला म्हणे तुझ्या जिवापेक्षा मोठं काहीतरी सापडलं आहे. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वादोन वर्षांपूर्वी अण्णा गेल्यावर तू त्यांचं सामान आणायला त्या छातीच्या रोग्यांच्या वॉर्डात गेलीस ती तिथलीच झालीस. तिथे शिवणारं कोणी नाही, एवढंच कळवलंस. इकडे शिवणारे किती आहेत? मी एकटा. आई काजं करते तीही आता डोळ्यांनी नाही, बोटांनी. सुई टोचली की कोणाला कळू नये म्हणून बोट तोंडात घालते. ते तुझ्या मोठ्या कामात बसतं का?

टेप घेऊन रोग्यांची मापं काढतेस, आणि त्याला आत्म्याचं काम म्हणतेस! देव टेपच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो का गं? असेल तर त्याची छाती किती भरली तेवढं कळव, त्यालाही एक सदरा शिवून देऊ. तुझी वहिनी म्हणाली की हे वाक्य खोडा. मी खोडत नाही.

आता कामाचं. आईने तुझ्यासाठी जाड लोकरी कापड काढून ठेवलं आहे. तिकडे गारठा असतो, कोट शिवून पाठव म्हणून तिने टुमणं लावलं आहे. मापं कळव. निदान तेवढं तरी वेळेवर कर.

लोभ आहेच. तो वाढवण्यासारखं तू काही करत नाहीस.

तुझा दादा

---

२० फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. पाकीट उघडायच्या आधीच गरम लागत होतं.

फोन घेत नाही कारण वॉर्डात फार कलकल असते. तू आधीच अर्धं ऐकतोस, त्यात ही भर कशाला? पत्रात निदान तू मला मधे तोडू शकत नाहीस.

इथली खोली मोठी आहे. एकोणीस खाटा, उंच खिडक्या, आणि दाराजवळ माझं मशीन. मी आले तेव्हा सगळ्यांना एकाच नमुन्याचे झगे होते, पाठीला नाड्या असलेले. लहान, मध्यम आणि मोठा असे तीन गठ्ठे, हाताला येईल तो अंगावर. गाडी हाकणारा, घड्याळं दुरुस्त करणारा, शाळेत गणित शिकवणारा, सगळे पाठ उघडी टाकून भिंतीला चिकटून चालायचे. आता एकोणिसांपैकी चौदा जणांच्या अंगावर स्वतःच्या मापाचे सदरे आहेत. मास्तरांनी खिसा मागितला, खडू ठेवायला. खडू त्यांच्याजवळ नाही, पण खिसा दिला.

मापवही अण्णांसारखीच ठेवली आहे. पानावर नाव, खाली तारीख. वर्षाच्या वर जुनं झालेलं माप खोडायचं आणि अंगावरून नवीन घ्यायचं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या की एकदा घेतलेलं माप का खोडता. मी म्हटलं, आमच्या दुकानाचा कायदा आहे, मोडला तर वडील वरून ओरडतील.

देवाबद्दल विचारलंस. त्याचं उत्तर सावकाश देईन. घाईत दिलं तर तू हसशील, आणि त्यावर हसलेलं मला खपणार नाही.

मी ठणठणीत आहे. मापं अशी. खांदा चौदा, छाती चौतीस, कंबर साडेअठ्ठावीस, बाही साडेएकवीस, उंची अडतीस. उजवा खांदा पाव इंच खाली. आईला म्हणावं, सुई टोचली तर खुशाल ओरडत जा, तू गप्प राहिलीस की दादाचंच फावतं.

लोभ कमी झाला असेल तर उसवून मोठा करावा, ही विनंती.

तुझी टाचणी

---

२८ फेब्रुवारी

टाचणी,

आशीर्वाद वगैरे नंतर.

खोटारडी आहेस तू. कोट कापायला घेतला, खडूने बाहीची रेघ मारली आणि हात तिथेच थांबला. बाही साडेएकवीस! तुझी बाही साडेवीस आहे. तू निघालीस त्याच्या महिनाभर आधी मीच तुझं माप घेतलं होतं आणि घाईत एक इंच जास्त लिहिला होता. ते झंपर अंगात घालून तू आठ दिवस दुकानात बाही लोंबवत फिरलीस, गिऱ्हाइकांना माझा पराक्रम दाखवत. त्या मापाची चिठ्ठी तू सोबत नेली होतीस. तीच उतरवून पाठवलीस. माझ्या चुकीसकट.

मग मापवही काढली. सगळे आकडे तेच, पाव इंचाचा फरक नाही. सव्वादोन वर्षांत माणसाचं अंग तसंच्या तसं राहतं का? हे आपल्या घरात, आपल्या धंद्यात, मला खपेल असं वाटलं तुला? जुनी मापं खोडायचा कायदा डॉक्टरीणबाईंना शिकवतेस आणि स्वतः मला शिळं माप पाठवतेस. टेप स्वतःच्या अंगाभोवती गुंडाळायची हिंमत झाली नाही, असंच ना?

मी थेट तुमच्या डॉक्टरीणबाईंना लिहिलं. भाऊ आहे म्हणून त्यांनी खरं कळवलं. पाच महिन्यांपासून तुला तोच आजार आहे. नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. मोठ्या इस्पितळात नवीन औषधं आहेत, दीड वर्ष खाटेवर राहिलीस तर वाचशील. त्या वॉर्डातच राहून काम करत राहिलीस तर नाही. त्यांनी दोनदा तुला जा म्हणून सांगितलं, दोन्हीदा तू नकार दिलास. आणि फोन का घेत नाहीस तेही आता कळलं. कलकल कसली? तुझा खोकला मला ऐकू आला असता.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती रोज कोटाचं विचारते. काय सांगू? की तुझ्या लेकीला आमच्यापेक्षा एकोणीस परके जवळचे आहेत?

त्या इस्पितळात एक एप्रिलपासून खाट मिळते आहे, मी सांगून ठेवलं आहे. मुकाट्याने जायचं. आत्मा, उद्धार, जे काय असेल ते बरी झाल्यावर. आधी जिवंत राहा, मग जिवापेक्षा मोठं काय ते शोधत बस.

लोभाचं आज विचारू नकोस.

दादा

---

१० मार्च

ती. दादास,

नमस्कार. तुझ्यासारखं तेवढंही गाळणं मला जमत नाही.

बाहीत सापडले. मान्य. वाचून हसले, मग खोकले, मग फार वेळ खोकले. तुला खोटं लिहिलं ते चूकच. पण शिळ्या मापाचं तू मला शिकवतोस? तू? मग आता ऐक. सव्वादोन वर्षं मी मूग गिळून बसले होते, आज बसणार नाही.

अण्णा इथे चौदा महिने होते. तेराव्या खाटेवर. तू एकदाही आला नाहीस. तुझी मुलगी तान्ही होती, घरी आजार नेण्याची तुला धास्ती होती, ते मला कळतं. मीही आले नाही. जायचं नाही असं तू सांगितलंस आणि मी ऐकलं, कारण ऐकण्यात माझी सोय होती. आपण काय केलं? तू चार सदरे शिवलेस आणि फाटकावर ठेवायला पाठवलेस. कोणत्या मापाचे? मापवहीतल्या अण्णांच्या पानावरचं माप सहा वर्षं जुनं होतं. ज्या माणसाने कायदा घातला, त्याच्याच पानावर तो मोडला. नवीन माप घ्यायचं तर कोणीतरी अंगाला हात लावायला हवा होता, आणि तो तुझा असायला हवा होता.

मी सामान न्यायला आले तेव्हा ते चारही सदरे उशाशी होते. घडी न मोडलेले. इथल्या म्हाताऱ्या सेवकाने सांगितलं की पहिला त्यांनी अंगात घातला होता, तो दोन्ही खांद्यांवरून घसरला. मग त्यांनी वॉर्डात एकेकाला विचारलं की शिवण आत घेऊन सदरा लहान करता येतो का कोणाला. सुई-दोरा त्यांनी मागितला, पण हात थरथरत होते. गेले तेव्हा अंगावर नाड्यांचा झगा होता. उघड्या पाठीचा. दादा, आपल्या बापाने उभं आयुष्य लोकांची अंगं नीट झाकली.

हे तुला कधीच सांगायचं नव्हतं. तू मला भाग पाडलंस.

त्या दिवशी मी सामान घेऊन निघणारच होते. समोरच्या खाटेवर एक गवंडी होता. त्याने सदऱ्यांकडे बघितलं आणि विचारलं की एखादा मिळेल का. मी माप घ्यायला टेप काढली. तुला माहीत आहे, छातीचं माप घेताना टेप पाठीमागून आणायला दोन्ही हात माणसाभोवती न्यावे लागतात. तसे नेले. त्याने श्वास रोखला. मी म्हटलं, सोडा, नाहीतर माप चुकेल. त्याने सोडला आणि त्याचं कपाळ माझ्या खांद्यावर आलं. चार वर्षांत त्याला सुई टोचायला सोडून कोणी हात लावला नव्हता. बायकोसुद्धा फाटकातूनच बोलायची.

उजेड पडला नाही, कोणी दिसलं नाही. फक्त खात्री झाली की मी ज्यासाठी जन्माला आले ते हेच, आणि आता यापुढे माझं मला काही मागायचं उरलं नाही. तू विचारलंस देव टेपच्या दुसऱ्या टोकाला असतो का. हो, असतो. रोज असतो. मला प्रार्थना येत नाही. मी आकडे मोठ्याने म्हणते, तीच माझी प्रार्थना. आता हस.

ते चार सदरे मी आत घेतले आणि चौघांना दिले. गवंडी आणि आणखी दोघे त्याच सदऱ्यांत गेले. चौथा घड्याळजींच्या अंगावर आहे.

आणि हेही ऐक, म्हणजे तुझा राग पुरता होऊ दे. आजार झाल्यापासून मला या लोकांसमोर मास्क लागत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं तोंड पाहिलं. मास्तर म्हणाले की मला वाटलं होतं तुमचं नाक मोठं असेल. मी गेले तर टेप कोण धरणार? सगळ्यांना विचारून झालं. कोणी जवळ यायला तयार नाही. पुन्हा लहान, मध्यम, मोठा सुरू होईल. खाट मला नको. ज्याला जगायचं आहे त्याला द्या.

लोभ असो वा नसो, आईला जप.

टाचणी

---

८ एप्रिल, मोठं इस्पितळ

दादा,

नमस्कार नाही.

तू दरोडेखोर आहेस. पत्राला उत्तर नाही, काही नाही, आणि सकाळी दारात उभा. मास्क उलटा लावलेला, बरोबर पिशवीत आपली मापवही. भर वॉर्डात, एकोणीस माणसांसमोर माझ्या गळ्यातली टेप काढून स्वतःच्या गळ्यात घातलीस! अण्णांनीही माझ्या गळ्यातली टेप कधी काढली नव्हती.

वर धमकी काय, तर मी खाटेवर राहीन तोवर तू तिथे राहशील, आणि मी खाट सोडून आल्याचं कळलं की टेप चुलीत घालून घरी जाशील. माझं सगळ्यात मोलाचं तेच ओलीस धरलंस. डॉक्टरीणबाईही सामील. घड्याळजी टाळ्या वाजवत होते, त्यांना मी कधीच माफ करणार नाही. गाडीत बसेपर्यंत मला वाटत होतं की उडी मारावी. मारली नाही, कारण उडी मारायला दम लागतो.

इथे औषधांनी तोंड कडू होतं आणि कान वाजतात. खिडकीतून विटांची भिंत दिसते. दिवसभर मी तुला शिव्या देते, नर्सबाईंना वाटतं मी जप करते आहे.

आता खरं विचारते, आणि खरंच सांग. तू आत गेलास का? का दारात मशीन टाकून बसला आहेस? माझ्या वहीतली मापं बघून तू महिनाभर शिवू शकशील, माणसाजवळ न जाता. मी तुला ओळखते. तसं करणार असशील तर मला आत्ताच कळव, मी आजच उठून येते.

टाचणी

---

२५ एप्रिल, वॉर्ड

चि. टाचणी हिस,

अनेक आशीर्वाद. यावेळी मोजून टाकले आहेत, कमी भरायचे नाहीत.

तू ओळखलंस ते बरोबर. सहा दिवस मी आत गेलो नाही. दारात मशीन ओढून घेतलं आणि तुझ्या वहीवरून कापत बसलो. सेवक शिवलेले सदरे आत नेऊन द्यायचा. सातव्या दिवशी घड्याळजींचं पान निघालं. वर्षाच्या वर जुनं. कायद्याप्रमाणे खोडलं. मग सेवकाच्या हातात टेप दिली आणि म्हटलं, तू घे, आकडा मला इथे ओरडून सांग.

घड्याळजी भडकले. त्यांचा आवाज एवढा असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाले की लांबून विचारपूस करणारी दोन मुलं त्यांना घरी आहेत, तिसरा नको. असा सदरा आणलास तर खिडकीतून फेकीन. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. मी तुझ्यावर जळफळलो, अण्णांवर जळफळलो, ज्याने मला शिंपी केलं त्या नशिबावर जळफळलो. आणि गेलो आत.

जवळ गेलो आणि बघतो तर माझाच सदरा. अण्णांची हनुवटी घासून कॉलर लवकर जायची म्हणून मी तिला नेहमी दुहेरी टीप घालायचो. ती टीप समोर होती, परक्या माणसाच्या गळ्याशी. खांद्यावर तू आत घेतलेली शिवण. दोन्ही बाजूंनी अडीच अडीच इंच, टाचणी. पाच इंच. इतका मोठा सदरा मी माझ्या बापाला पाठवला होता.

माझे हात पुढे जाईनात. घड्याळजींनी दोन्ही हात वर धरून ठेवले होते, दमत होते, पण खाली घेत नव्हते. शेवटी मी टेप पाठीमागून आणली. मास्कच्या आत मी रडत होतो आणि मास्क ओला झाला की श्वास येत नाही, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. एकोणतीस. मला म्हणता आलं नाही. त्यांनीच खाली वाकून वाचलं, मोठ्याने म्हणाले, आणि लिहा म्हणाले.

मला देव सापडला असं मी लिहिणार नाही. तुझं ते सगळं मला कळलं असंही नाही. राग अजून आहे, त्यातला तुझा वाटा कमी होत चालला आहे आणि माझा वाढतो आहे. फक्त एवढं, की माप घेऊन झाल्यावर टेप सोडायला मला जरा वेळ लागला. काल मास्तरांचं घेतलं. ते सांगतात की तुम्ही घट्ट ओढता, बहिणीचा हात हलका होता. इथे सगळ्यांना तुझं कौतुक आहे, मला नुसतं सहन करतात.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली की वर्षभराची काजं आगाऊ करून देते, तू मागे फिरू नकोस. दुकान तुझ्या वहिनीने हातात घेतलं आहे. निघताना तीही भांडली, मग माझी कात्री स्वतः धार लावून पिशवीत घातली. मुलीला सांगितलं आहे की बाबा आत्याचं काम करायला गेला आहे.

आपल्या जुन्या मापवहीतलं अण्णांचं पान काल खोडलं. एकच आडवी रेघ, ते मारायचे तशी. मग तुझं खोडलं. त्याखाली आजची तारीख घातली आहे आणि पुढची जागा मोकळी आहे. नर्सबाईंना टेप धरायला सांग. श्वास भरून छाती फुगवू नकोस, मला इथे बसून कळेल. जे भरेल ते लिही, कितीही कमी असो. कोट त्याच मापाचा कापीन, आणि शिवणीच्या आत भरपूर जादा कापड ठेवीन, म्हणजे तू भरलीस की उसवता येईल. दर महिन्याला नवीन माप पाठवायचं. एक महिना चुकलीस तर टेप चुलीत.

हाड काही कमी होत नाही. बाही साडेवीसच लिही.

तुझा दादा